आधी मॉनिटर सांगा, मग ग्राफिक्स कार्डचं बोलू

गेमिंग पीसी असेम्बल करायचा ठरला की लोकं मला पार्ट्सची लांबलचक यादी पाठवतात, त्यात प्रोसेसर असतो, ग्राफिक्स कार्ड असतं, रॅम, एसएसडी, रंगीत लाईटवाले पंखे सगळं असतं आणि खाली एक ओळ, "कसा वाटतो सेटअप?" मी दरवेळी उलट एकच विचारतो, मॉनिटर कुठला? आणि तिथंच गाडी अडते, कारण मॉनिटर यादीत नसतोच. म्हणजे एवढा सगळा खटाटोप ज्या पडद्यावर बघायचाय त्याचाच पत्ता नाही.

मॉनिटर आधी का, तर सगळा हिशोब तिथून सुरू होतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे पीसीला एक चित्र, एक फ्रेम, तयार करायला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला की हाच वेळ ६.९ मिलिसेकंदांवर येतो आणि २४० हर्ट्झला जेमतेम ४.२. तेवढ्यात सगळं उरकायचं, माऊस हलला तो कळणं, शत्रू कुठं पोचला ते ठरवणं, गोळी लागली का बघणं आणि अख्खं चित्र रंगवून पडद्याकडे पाठवणं. कुठलाही पार्ट घेताना स्वतःला एवढंच विचारायचं की हा माझे मिलिसेकंद वाचवणार आहे का, आणि बऱ्याच महागड्या गोष्टींचं उत्तर "नाही" असंच येतं.

आता फ्रेम बनते कशी ते बघू. दोन माणसं मिळून एक चित्र काढतायत असं समजा. पहिला प्रोसेसर, तो कच्चं रेखाटन करतो, म्हणजे कोण कुठं उभाय, भिंत फुटली तर तुकडे कुठं उडाले, समोरचा बॉट आता पळणार की गोळी घालणार, हे सगळं ठरवतो आणि पुढच्याला सांगतो की हे इथं काढ, ते तिथं काढ. दुसरा ग्राफिक्स कार्ड, तो रंग भरतो, सावल्या टाकतो, एकेका पिक्सेलचा, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्याचा, रंग ठरवतो. दुसरा या फ्रेममध्ये रंग भरत असताना पहिला पुढच्या फ्रेमचं रेखाटन सुरू करतो, त्यामुळे दोघांतला जो हळू त्याच्याच वेगानं काम पुढं सरकतं. प्रोसेसरला एका फ्रेमसाठी १२ मिलिसेकंद लागत असतील आणि कार्डला ५, तरी तुम्हाला फ्रेम मिळणार दर १२ मिलिसेकंदांनी, कार्ड आपलं अर्धा वेळ बसून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! ज्याला सगळे बॉटलनेक बॉटलनेक म्हणतात ते एवढंच आहे.

पण गंमत अशी की रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या पिक्सेलची संख्या, वाढवलं की रेखाटन करणाऱ्याचं काम जवळपास तेवढंच राहतं, रंगवाल्याचं मात्र बेसुमार वाढतं. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख आणि ४के म्हणजे ८२.९ लाख, १०८०पीच्या बरोब्बर चौपट. म्हणून ४के पडद्यावर निवांत गोष्टीवाले गेम खेळणाऱ्याला कार्ड तगडं लागतं आणि प्रोसेसर मधला चालून जातो, आणि १०८०पीवर २४० हर्ट्झनं व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक खेळणाऱ्याचं बरोबर उलटं. ते बॉटलनेक कॅल्क्युलेटर असतात ना, प्रोसेसर आणि कार्ड टाकलं की "१४ टक्के बॉटलनेक" असलं काहीतरी सांगणारे, त्यांच्याकडे बघूच नका. तीच जोडी एका गेममध्ये प्रोसेसरपाशी अडते आणि दुसऱ्यात कार्डपाशी, अहो एकाच गेममध्ये मोकळ्या जंगलात एक आणि गर्दीच्या बाजारात दुसरं होतं, त्याला एकच टक्का कसा लावणार?

प्रोसेसर घेताना लोकं कोअर, म्हणजे त्याच्या आतले स्वतंत्र काम करणारे भाग, मोजतात. व्हिडिओ एडिटिंग वगैरे करत असाल तर मोजा, पण गेमचं बरंचसं काम एका मुख्य थ्रेडवर, म्हणजे एकाच कोअरवर ओळीनं चालणाऱ्या कामात, अडकलेलं असतं, त्यामुळे ६ ते ८ चांगले कोअर झाले की त्यापुढचे कोअर गेमिंगला फारसे उपयोगी पडत नाहीत. त्यापेक्षा कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी पण झटपट मेमरी, बघा. याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे २०२२ मधला एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी. आधीच्या ५८००एक्समध्ये ८ कोअर आणि ३२ एमबी एल३ (तिसऱ्या पातळीची) कॅश होती, यात कोअर तेवढेच, कमाल स्पीड उलट ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर आलेला, फक्त चिपच्या डोक्यावर आणखी कॅश रचून ती ९६ एमबी केलेली. तरी गेममध्ये नवा पुढे गेला, काही गेममध्ये तर चांगलाच. कारण गेमला सारखी इकडची तिकडची माहिती लागते, ती कॅशमध्ये सापडली तर साधारण दहा नॅनोसेकंदांत हाती येते आणि रॅमपर्यंत जायची वेळ आली तर त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, तेवढा वेळ प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो. नंतरचे ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी याच रस्त्यानं आले. मात्र ४केला खेळणार असाल तर या सगळ्यातला फरक बऱ्याचदा दिसतच नाही, कारण तिथं अडकलेलं असतं कार्ड.

ग्राफिक्स कार्डवर जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसा इथं जातो आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथंच होते, नावांची. एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकायची सवय जुनी आहे. जीटीएक्स १०६०ची ३ जीबी आणि ६ जीबी अशी दोन रूपं होती, वाटायचं फरक फक्त मेमरीचा, पण ३ जीबीवाल्यात आतले कोअरसुद्धा १२८०ऐवजी ११५२च होते. जीटी १०३०चं तर विचारूच नका, आधी ते जीडीडीआर५ मेमरीवर आलं, मग त्याच नावानं साध्या डीडीआर४वर आलं आणि मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून जवळपास १७ जीबीवर आला, डब्यावर नाव मात्र तेच. आरटीएक्स ३०५०ची ६ जीबीवाली आवृत्तीसुद्धा ८ जीबीवालीपेक्षा कमी कोअरची आहे. तेव्हा नाव वाचून कार्ड घेऊ नका, ज्या मेमरीचं ज्या आवृत्तीचं घेताय त्याच आवृत्तीची टेस्ट शोधा.

मेमरीवरून आठवलं, व्हीरॅम. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत गेमचे टेक्स्चर (वस्तूंवर चिकटवलेली चित्रं) वगैरे राहतात, आणि ती भरली की उरलेलं सामान पीसीच्या मुख्य रॅममध्ये ठेवून तिथून ने-आण करावी लागते. आता हा रस्ता किती अरुंद आहे बघा, आरटीएक्स ४०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला २८८ जीबी वेगानं चालते, आणि मदरबोर्डाशी जोडणारा रस्ता, म्हणजे पीसीआयई, आठच लेनचा, त्याच्या चौथ्या पिढीवर साधारण १६ जीबी. अठरा पट फरक. त्यात बोर्ड जुना पीसीआयई ३वाला असला तर ते १६चेही ८ होतात. हेच कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत मिळायचं, चिप तीच, आणि व्हीरॅम पुरत होती तोवर दोघांचे आकडे सारखेच यायचे, एकदा का गेमनं ८ जीबी ओलांडले की ८वालं गचके खायला लागायचं किंवा गेम गुपचूप भिंतींवरचं टेक्स्चर धुरकट करून ठेवायचा. हे दुसरं जास्त वाईट, कारण फ्रेमरेटच्या आकड्यात ते दिसतच नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. माझं मत विचाराल तर नवे मोठे गेम भारी सेटिंगवर खेळायचे असतील तर आता ८ जीबीच्या कार्डावर पैसे घालू नयेत, नुसते हलके ऑनलाईन शूटर खेळणार असाल तर खुशाल घ्या.

आणि मग ते फ्रेम जनरेशन. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंग यांनी स्टेजवरून सांगितलं की नवीन आरटीएक्स ५०७० म्हणजे ४०९०चा परफॉर्मन्स, आणि लोकं वेडी झाली. खोच अशी होती की त्यात कार्डानं मधल्यामध्ये बनवलेल्या फ्रेम धरलेल्या होत्या, एका खऱ्या फ्रेममागे तीन बनवलेल्या. यात काय होतं, कार्डाकडे दोन खऱ्या फ्रेम असतात, त्यांच्या अधेमधे काय असेल याचा अंदाज बांधून ते नवीन फ्रेम घुसवतं. पडद्यावर हालचाल मस्त गुळगुळीत दिसते, नाही म्हणत नाही, पण त्या मधल्या फ्रेमला तुमचा माऊस माहीतच नसतो, आणि मधली फ्रेम बनवायची तर पुढची खरी फ्रेम हातात असूनही रोखून धरावी लागते, म्हणजे क्लिकचा परिणाम दिसायला उलट थोडा उशीरच होतो. खऱ्या ६०-७० फ्रेम मिळत असतील तर वरून हे वापरायला मजा येते, खऱ्या ३०च असतील तर दिसतं १२० सारखं आणि हाताला लागतं ३०पेक्षाही जड. एनव्हिडियाच्या डीएलएसएस किंवा एएमडीच्या एफएसआरचं अपस्केलिंग ही वेगळी भानगड, त्यात लहान रेझोल्यूशनवर खरी फ्रेम बनवून ती मोठी करतात, तिथं खरंच वेळ वाचतो. जाहिरातीत दोन्ही एकाच बारमध्ये घुसडलेलं असतं, म्हणून बारखालची बारीक अक्षरं आधी वाचायची.

बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणाऱ्या टेस्टचे आकडे, कसे वाचायचे हे कळलं नाही तर वरचं सगळं वाया. समजा दोन कार्डं आहेत आणि दोघांचा सरासरी आकडा ६० आहे. पहिलं दर १६.७ मिलिसेकंदांनी शिस्तीत एक फ्रेम देतं. दुसरं ५० फ्रेम १०-१० मिलिसेकंदांत फेकतं आणि उरलेल्या दहांना प्रत्येकी ५० मिलिसेकंद घेतं. मांडून बघा, दोन्हीकडे सेकंदाला ६०च. पण दुसऱ्यावर खेळताना असं वाटतं की कोणीतरी मागून सारखं ओढतंय. पूर्वी रिव्ह्यूमध्ये नुसती सरासरीच छापायचे, २०११ मध्ये टेक रिपोर्टच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून एकेका फ्रेमला लागलेला वेळ मांडायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळ्यांना ते करावं लागलं. आता जो "वन पर्सेंट लो" आकडा देतात तो ढोबळमानानं सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा असतो. सरासरी १२० आणि वन पर्सेंट लो ४५ असं दिसलं की समजायचं गचके आहेत, त्यापेक्षा ११० आणि ८५ केव्हाही बरं.

अजून एक, प्रोसेसरच्या टेस्ट १०८०पीवर आणि सगळ्यात भारी कार्ड लावून का करतात यावरून लोकं चिडतात, म्हणतात असं कोण खेळतं. कोणी खेळत नाही हो, पण कार्ड मोकळं राहिलं नाही तर प्रोसेसरचा फरक दिसणार कसा? तो आकडा तुमच्या पीसीत मिळेल म्हणून दिलेला नसतो, हा प्रोसेसर जास्तीत जास्त किती रेखाटनं पुरवू शकतो ते सांगणारा असतो. मग कार्डाचा आकडा तुमच्या रेझोल्यूशनवरचा घ्यायचा, प्रोसेसरचा हा घ्यायचा, दोघांतला लहान तो साधारण तुमचा.

रॅमचं थोडक्यात, एकाऐवजी दोन कांड्या घ्या म्हणजे दोन चॅनल चालतात, आणि चार स्लॉटच्या बोर्डवर त्या बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, बोर्डच्या माहितीपुस्तकात चित्र असतं. डीडीआर५ घेताना ६००० स्पीड आणि सीएल (रॅमला उत्तर द्यायला होणाऱ्या उशिराचा आकडा) ३० हे रायझनसाठी चांगलं जमतं. सीएलचा आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका, डीडीआर४ ३२०० सीएल १६ आणि डीडीआर५ ६००० सीएल ३० दोन्हींचा तो उशीर हिशोब केला तर १० नॅनोसेकंदच येतो. आणि बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला डब्यावरच्या स्पीडवर नेणारी सेटिंग) चालू करा! मी स्वतः ३२००ची रॅम घेऊन आठ महिने २१३३वर चालवली आहे, कारण डब्यावर लिहिलेला स्पीड आपोआप लागतो असा माझा भोळा समज होता, आणि तोवर मी सगळ्यांना छाती फुगवून रॅमचे सल्ले देत होतो.

मदरबोर्डवर गेमचा वेग जवळपास अवलंबून नसतो, फक्त सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा), रॅमचा प्रकार, एसएसडीचे एम.२ स्लॉट किती आणि प्रोसेसरला वीज नीट पुरवतो का एवढं बघायचं. एएम४ सॉकेटवर २०१७चे पहिले रायझन बसायचे, आणि त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून पाच वर्षांनी ५८००एक्स३डी बसला, इंटेलच्या एलजीए १७००वर १२वी ते १४वी पिढी चालली आणि मग सॉकेट बदललं. तेव्हा पुढं प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर सॉकेटचं आयुष्य बघून घ्या, नाहीतर नका बघू.

एसएसडीत लोकं उगाच आकड्यांच्या मागे लागतात. जुन्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास, पीसीआयई ४वाली ७००० पर्यंत, पण गेम लोड व्हायला लागणारा वेळ काही तेरा पटीनं कमी होत नाही, बहुतेक गेममध्ये फरक थोड्या सेकंदांचा असतो, कारण आलेली माहिती उलगडायला प्रोसेसरला वेळ लागतो. सेकंदाला १४००० एमबीवालीचे पैसे वाचवा आणि मोठी जागा घ्या, हल्ली एकेक गेम शंभर जीबीच्या वर जातो. फक्त एम.२ हा आकार आहे, वेग नाही, त्या आकारात साटावालीही मिळते, तेवढं तपासा.

पॉवर सप्लाय, ज्याला बरेच जण अजून एसएमपीएस म्हणतात, तो एक मिलिसेकंदसुद्धा वाचवत नाही, आणि तरी मी तिथं काटकसर करू देत नाही, कारण हा एकच पार्ट असा आहे की जाताना बाकीच्यांना घेऊन जाऊ शकतो. त्यावरचं ८० प्लस गोल्ड किंवा ब्रॉन्झ हे किती वीज वाया जाते त्याबद्दल आहे, आतला माल किती चांगला किंवा शॉर्ट झालं तर तो वेळेवर बंद होईल का याबद्दल ते काही सांगत नाही. वॉट मोजताना डब्यावरच्या टीडीपीवर (प्रोसेसरच्या उष्णतेच्या आकड्यावर) जाऊ नका, इंटेलच्या आय९ १४९००केवर १२५ वॉट लिहिलेलं असतं आणि जोर लावला की त्याची स्वतःची ठरलेली मर्यादा २५३ आहे. समजा कार्ड २५० वॉटचं, प्रोसेसर १५०पर्यंत जाणारा, बाकी पंखे-ड्राइव्ह मिळून ७५, झाले ४७५, तर ६५० किंवा ७५०चा घ्यावा. वरची जागा अशासाठी की कार्ड एकाच पातळीवर वीज ओढत नाही, मिलिसेकंदाहून कमी वेळासाठी एकदम दुपटीच्या आसपास उसळी मारू शकतं आणि कच्चा सप्लाय त्याला घाबरून पीसी बंद करतो, ऐन लढाईत. २०२२च्या एटीएक्स ३.०मध्ये या उसळ्या सहन करायची अटच घातली. त्याच वर्षी आरटीएक्स ४०९०चे सोळा पिनांचे कनेक्टर वितळल्याची प्रकरणं झाली, बऱ्याच ठिकाणी केबल पूर्ण आत गेलेली नव्हती, नंतर सुधारून १२व्ही-२x६ आला. तेव्हा ती केबल शेवटपर्यंत दाबा आणि तोंडापाशीच वाकवू नका. आणि मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या करता येणारा, सप्लाय बदललात तर जुन्या केबल फेकून नव्या लावा, टोक दिसायला सारखं असलं तरी सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळी असते, चुकीच्या तारेत १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह मेलीच म्हणून समजा.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं तोंड दिसायला छान पण हवा कुठून घेणार, आणि कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मापून घ्या. मधल्या प्रोसेसरला चांगला हवेचा टॉवर कूलर पुरतो. त्याच्या खालचं पारदर्शक प्लॅस्टिक काढायला विसरणारे खूप आहेत, हसू नका, तुम्हीही विसराल.

पीसी उभा राहिला की तो तपासायचा कसा ते सांगतो, आणि हीच टेस्ट जुना पीसी अपग्रेड करायच्या आधीही करा. फ्रेमरेटची मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद करा, स्क्रीनवर कार्डाचा वापर दाखवणारं एखादं टूल लावा आणि तुमचा नेहमीचा गेम खेळा. कार्ड ९५-९९ टक्क्यांवर असेल तर अडकलंय कार्ड. ते ६०वर लोळत असेल तर बहुधा प्रोसेसर, मग भले प्रोसेसरचा एकूण वापर ३० टक्केच दिसो, कारण तो सगळ्या कोअरचा मिळून असतो आणि मुख्य थ्रेडवाला एकटाच घामाघूम झालेला असतो. खात्री करायची तर रेझोल्यूशन एक पायरी खाली आणा, फ्रेम वाढल्या तर कार्डानं अडवलं होतं, जिथल्या तिथं राहिल्या तर नवीन कार्ड आणून काही होणार नाही.

आणि आकडे सगळीकडूनच फार वाईट आले तर पार्ट परत करायला धावायच्या आधी पीसीच्या मागे जाऊन बघा, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावलीय की वर मदरबोर्डच्या पोर्टात. ती बरोबर असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जा, तुमचा १४४चा मॉनिटर तिथं अजून ६०वर असण्याची दाट शक्यता आहे.